सक्करदऱ्याचे पाणी आणि समुद्रातील कर्ब

नागपूरच्या सक्करदरा भागात पडणारे पावसाचे पाणी नाल्यांवाटे नाग नदीस मिळते. नाग कन्हानला व कन्हान वैनगंगेला मिळते. पुढे वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत शिरते. अर्थात या भागातील शेतांचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. 'समुद्राशी आमचा काय संबंध?' असे विचारणाऱ्या शेतकरी बंधूंस हा मार्ग प्रथम दाखवावा. कारण या पाण्याबरोबर कर्बही जात असतो.

पावसाच्या पाण्यात हवेतील व जमिनीतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते दख्खनचा काळा पाषाण अत्यंत सावकाश झिजविते आणि वायूतील कर्ब क्षाररूपाने नदीवाटे समुद्रास पोचतो. हे काम लाखो वर्षांच्या हिशेबाचे आहे. शेतातून वाहून जाणाऱ्या गाळातील सेंद्रिय कर्ब मात्र एका पावसाळ्यातही जातो.

समुद्रात हवेच्या सुमारे पन्नासपट कर्ब आहे. कोळसा, खनिज तेल इत्यादी जाळून व जंगले तोडून मनुष्य जो वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. याचे मार्ग दोन. एक, वायू पाण्यात सरळ विरघळतो. दुसरा, पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती आपल्या पिकांप्रमाणेच सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवितात. त्या मेल्या किंवा खाल्ल्या गेल्या म्हणजे त्यांचे अवशेष खाली बुडतात. त्यातील बराच भाग वाटेतच कुजून पुन्हा पाण्यात मिसळतो, थोडा तळाशी पोचतो. तेवढा कर्ब दीर्घकाळ हवेपासून दूर राहतो.

हवामान तापू लागल्याने हे दोन्ही मार्ग अरुंद होत आहेत. सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडली असता वायू फसफसून निघून जातो. तद्वत उष्ण पाण्यात वायू कमी विरघळतो. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १ अंश सेल्सियसने वाढले आहे. तापलेले पाणी हलके होऊन वर तरंगते व खालच्या थंड, पोषक द्रव्यांनी युक्त पाण्याशी सहजी मिसळत नाही. त्यामुळे वरच्या सूक्ष्म वनस्पतींना जणू खत मिळेनासे होते. शिवाय शोषलेल्या वायूमुळे पाण्याची आम्लता वाढते. औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ असलेला समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू आता सुमारे ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो. परंतु शिंपल्यांना व प्रवाळांना कवच बांधणे त्याने जड जाते.

बंगालच्या उपसागराची गोष्ट थोडी निराळी आहे. गोदावरी, महानदी, गंगा यांचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते. वाढत्या उष्णतेने हे झाकण अधिक घट्ट होते. मात्र याच नद्यांचा जड गाळ मृत वनस्पतींच्या अवशेषांना चिकटून त्यांना लवकर खाली नेतो, असेही संशोधकांना आढळले आहे.

मग आपली माती वाहून गेली तर बरेच, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद फसवा आहे. गाळातील कर्ब वाटेत कुजून पुष्कळसा पुन्हा हवेत जातो, बराच गाळ धरणांत अडकून त्यांची साठवण घटवितो, आणि शेताचे नुकसान तर तत्काळ होते. एक हेक्टर क्षेत्रातून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी ती सुमारे १३ टन माती होय. तीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के धरला तर ६५ किलो कर्ब गेला. तो परत मिळविण्यास शेणखताच्या गाड्या किती लागतील, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

उष्ण हवेत अधिक बाष्प मावत असल्याने मुसळधार सरी वाढतात व धूपही वाढते. यास्तव पेरणी उतारास आडवी करावी, बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या पेटवून देण्याची चाल टाकावी व बारीक करून त्या जमिनीत गाडाव्यात. गुलाबी बोंडअळीचा उपद्रव झालेल्या शेतात हे काम हंगाम संपताच उरकावे, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. माती परीक्षणाच्या पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा रकाना कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास दरवेळी वाचून दाखवावा. पुष्कळ ठिकाणी नत्र व स्फुरद पाहून पत्रिका बाजूस ठेवली जाते.