घोड्यावरचं बिऱ्हाड

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले, की फलटण, माण, बारामती, पुरंदर या भागांतल्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी वाहनं खोळंबू लागतात. पुढे दोन-तीन घोडे असतात. त्यांच्या पाठीवर दोन्ही अंगांना धान्याची पोती, त्यांवर घोंगड्या आणि ताडपत्री, पातेली, पाण्याचे कॅन, कुठे बांधलेल्या कोंबड्या, कुठे नुकतंच जन्मलेलं कोकरू. आणि या सगळ्याच्या माथ्यावर, दोरी मुठीत धरून बसलेलं तीन-चार वर्षांचं एखादं पोर. घोड्याची दोरी धरून पुढे चालणारी बहुतेक वेळा बाईच असते. पुरुष मेंढ्या घेऊन आडरानातून चारत-चारत येत असतात. त्यांची गाठ संध्याकाळी, मुक्कामावर.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मेंढपाळ धनगरांची ही दरवर्षीची वाट. त्यांची गावं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. माण-फलटणच्या पट्ट्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि कार्तिक संपता संपता माळावरचं गवत वाळून जातं. घाटाखाली कोकणात मात्र याच्या कितीतरी पट पाऊस पडून गेलेला असतो, भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी पडलेली असतात. मग काही कुटुंबं मिळून एक वाडा करतात, मेंढ्या एकत्र हाकतात आणि वरंध्यासारख्या घाटांनी खाली उतरतात. तिथल्या शेतकऱ्यांशी व्यवहार ठरतो. रात्री मेंढ्या त्यांच्या खाचरात बसवायच्या. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, शेत खतावतं, आणि त्या बदल्यात वाड्याला धान्य मिळतं. अलीकडे बऱ्याचदा रोख पैसे. ज्येष्ठातले ढग जमायच्या आत परत घाट चढायचा. दख्खनी मेंढी उन्हाला आणि उपासाला काटक असते, पण कोकणातला पाऊस तिला सोसत नाही. चिखलात तिचे खूर कुजतात.

म्हणजे वर्षातले निम्म्याहून अधिक महिने हे संसार चालते असतात. लहान मुलांसकट.

या संसाराचं वाहन म्हणजे घोडा, आणि त्याला मोठा इतिहास आहे. भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेलं भीमथडी तट्टू मराठा घोडदळाचा कणा होतं. सव्वाचार फुटांच्या आसपास उंची, टणक खूर, कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला मारण्याची ताकद. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, घोडदळं मोडली, आणि या जनावराला पोसणारा मोठा आश्रयदाता गेला. उंच, देखण्या घोड्यांची आवड असलेल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तीही अगदी अलीकडच्या वर्षांत. मधल्या दोनशे वर्षांत ही जात टिकली ती कुठल्या सरदाराच्या पागेत? ती टिकली धनगरांच्या वाड्यांवर, पिठाची पोती आणि पोरंबाळं वाहत. आपल्या चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे पाहून घोडा म्हणजे पुरुषाचा पराक्रम असं मनात बसतं. इथे तो बाईचा घरगडी आहे, आणि तिच्यामुळेच उरला आहे.

घोडा लादणं हे कसबाचं काम. पाठीवर आधी जुन्या घोंगडीची घडी टाकायची, मग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची ओझी. एका अंगाला दोन-चार किलोचा फरक पडला तरी चढणीवर सगळं ओझं एकीकडे घसरतं, दोरी घासते आणि जनावराची पाठ सोलवटते. एकदा पाठ लागली की घोडा कित्येक दिवस कामाचा राहत नाही, आणि तेवढे दिवस त्याचं ओझं माणसांच्या डोक्यावर येतं. म्हणून पहाटे, पुरुष मेंढ्यांची उस्तवार करत असताना, बायका मन लावून गाठी मारत असतात. मुलाला बसवण्याची जागा या हिशेबातच धरलेली असते. दोन गाठोड्यांच्या मधल्या खोबणीत त्याला बसवलं की ते बाजूला कलंडत नाही.

तान्हं बाळ आईच्या अंगावर, कापडात बांधलेलं. धड बसता यायला लागलं की घोड्यावर बढती. आणि पायांत बळ आलं, चार-पाच किलोमीटर न कुरकुरता चालता आलं, की घोड्यावरून खाली, कारण तोवर वरची जागा धाकट्याने घेतलेली असते. घोडेस्वारी शिकवणारं कुणी नसतं. चढणीला पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं, घोड्याने कान मागे पाडले की गप्प बसायचं, त्याच्या मागच्या पायांजवळून जायचं नाही, हे सगळं चालता चालता अंगात मुरतं. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं. फक्त थेट शेपटीमागचा आणि नाकासमोरचा थोडा भाग त्याच्या नजरेआड असतो. तिथून कुणी अचानक आलं की तो दचकतो आणि लाथ झाडतो. शहरातल्या स्वारीच्या वर्गात हा पहिला धडा असतो. वाड्यावरच्या पोराला तो बोलता येण्याआधी कळलेला असतो.

शहरातल्या आईबापांनाही मुलांना हेच द्यायचं असतं, आणि त्यासाठी ते चांगले पैसे मोजतात. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावून पुढे घोड्यावरून, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एक फेरी, आणि हिवाळ्यात पवना धरणाच्या काठावर तंबूत एक रात्र, शेकोटी आणि बार्बेक्यूसह. यात हसण्यासारखं काही नाही. भिंतींबाहेर झोपावं, मोठ्या जनावराच्या पाठीवर बसावं, ही ओढ मुलांमध्ये असतेच. गंमत एवढीच, की तंबूत रात्र काढून परतणारी शहरी गाडी आणि पालाकडे निघालेला वाडा कधीकधी एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात, आणि मग दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे टक लावून पाहतात.

मुक्काम ठरलेल्या शेतात बायका आधी पोचतात. ओझी उतरवायची, घोड्यांच्या पुढच्या पायांना पायबंद घालून त्यांना चरायला सोडायचं, काठ्या रोवून पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची, पाणी शोधायचं. पूर्वी पालावर घोंगडी ताणत, आता निळी-पिवळी ताडपत्री. मेंढ्यांसाठी जाळीची वाघर उभी करायची. तीन-चार वर्षांची मुलंही यात असतात: काटक्या आण, कोंबड्या मोकळ्या कर, धाकट्याला चुलीपासून लांब ठेव. खेळ आणि काम यांच्यातली रेघ इथे फारच पुसट आहे. शहरी पालकांना ‘मुलांना कामाला लावणं’ खटकतं, आणि काही प्रमाणात ते खटकायला हवंही. पण दिवसभर आईच्या हाकेच्या अंतरावर असणं हे फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं, आणि ही मुलं त्यांतली आहेत.

त्यांचं खरं खातं म्हणजे कोकरं. अगदी लहान कोकरं दिवसभर कळपाबरोबर चालू शकत नाहीत. ती पालापाशीच राहतात आणि त्यांची राखण मुलांकडे असते. सूर्य कलला की कळप परत येतो आणि मग जो गोंधळ उडतो त्याला तोड नाही. शेकडो मेंढ्या एकदम बें-बें करत आपापलं पिल्लू शोधतात, कोकरं समोर येईल त्या मेंढीच्या कासेला तोंड लावतात, आणि परकं पिल्लू आलं की मेंढी त्याला ढुशी मारते. मेंढी आपलं पिल्लू वासावरून आणि आवाजावरून ओळखते, पण एवढ्या गर्दीत दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. मग पोरं मध्ये घुसतात. एकेक कोकरू उचलून नेमकं त्याच्या आईपुढे नेऊन ठेवतात. परक्या माणसाला ती सगळी सारखीच काळी दिसतात. मुलांना मात्र कुणाच्या कानाला ठिपका, कुणाचा गुडघा पांढरा, कुणाची आई लंगडते, हे तोंडपाठ असतं. अक्षरओळख होण्याआधी झालेली ही वर्गवारी आहे, आणि ती चुकली तर एक कोकरू रात्रभर उपाशी राहतं.

जेवणानंतर, मुक्काम निवांत असेल तर, बिरोबाच्या किंवा म्हस्कोबाच्या ओव्या निघतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये वर्षानुवर्षं राहून, हिंडून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर ग्रंथ लिहिले. १९९२ मध्ये ते गेले. देव कुठून आला, कुठे थांबला, कुठल्या वारुळात लपला अशा वाटावळणांनी भरलेल्या त्या कथा ऐकत मुलं घोंगडीत झोपी जातात.

हे सगळं रम्य वाटायला लागलं की उसाचा पट्टा आठवावा. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत उसात बिबटे वाढले आहेत, आणि उघड्यावर झोपलेल्या मेंढपाळांच्या लहान मुलांवर हल्ले होऊन मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. जुन्नर भागात वन खात्याने मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे दिले, ते यामुळेच. माळावर पूर्वी भीती असे ती लांडग्याची. पण तो कोकरू पळवायचा आणि कुत्रे त्याला हुसकावून लावायचे. बिबट्यापुढे कुत्र्यांचा निभाव लागत नाही, उलट तेच त्याचं भक्ष्य होतात. शिवाय चौपदरी झालेले महामार्ग आहेत. मेंढ्या, घोडे आणि मुलं यांना घेऊन दुभाजक ओलांडणं हे आज घाट उतरण्यापेक्षा अवघड झालं आहे.

लसीकरणाचं वेळापत्रकही चालत्या संसाराला साजेसं नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लशी द्यायच्या असतात. दिवाळीच्या सुमाराला जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत या तिन्ही वेळा तीन वेगळ्या मुक्कामांवर येतात. कुठल्याही सरकारी केंद्रात लस मिळते हे खरं, पण आईला दिवस मोडून तिथवर चालत जावं लागतं, आणि तोवर वाडा पुढे सरकलेला असू शकतो. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे जनावरांत वाढणाऱ्या या मुलांना लशीची गरज इतरांहून कमी तर मुळीच नाही.

आणि शाळा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये आली. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवू पाहतो, त्याची ती कथा. तिथेही मुलं शाळेत येणार की मेंढ्यांमागे जाणार, हा पेच होताच. आज गावोगाव शाळा आहेत, शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही प्रवेश द्यावाच लागतो, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही झाली. पण दर काही दिवसांनी शेत बदलणाऱ्या मुलाने किती शाळांच्या दारात उभं राहायचं? वाडा निघतो दिवाळीनंतर आणि परततो जूनच्या तोंडावर, म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र आणि परीक्षा बुडतात. म्हणून बहुतेक कुटुंबं आता शाळकरी मुलांना गावी आजी-आजोबांपाशी किंवा आश्रमशाळेत ठेवतात. घोड्यावर दिसतात ती शाळेचं वय न झालेली मुलं. सहा वर्षांचं झालं की पोर वाड्यावरून उतरतं आणि पुढची कित्येक वर्षं आईबापांना पावसाळ्यातच मनसोक्त भेटतं.

हिशेबही बदलला आहे. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर घोंगड्यांसाठी उत्तम, पण घोंगडीच कुणी घेत नाही, त्यामुळे कातरणीचा खर्चही निघत नाही. पैसा येतो तो मटणासाठी विकलेल्या नरांतून. पुष्कळ वाडे आता लांबचा टप्पा टेम्पोने मारतात. घोडे, बायका, पोरं एका फेरीत आणि मेंढ्या पायी, किंवा मग घोडाच नको. तो बारा महिने पोसावा लागतो. देशभरातच घोडे घटत आहेत: २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये साधारण ३ लाख ४० हजार उरले.

घोडा गेला की बाईचं वाड्यावरचं कामही निम्मं जातं. काही घरांत मग ती मुलांना घेऊन गावीच राहते, जवळपास मजुरीला जाते, मुलं रोज शाळेत जातात, आणि पुरुष एखादा गडी सोबत घेऊन मेंढ्यांमागे जातो. भीमथडीच्या चाहत्यांना हे ऐकून वाईट वाटेल; पोरांच्या आयांना तसं वाटतंच असं नाही. रानात पायपीट करून, वर घोडा लादून, पाल ठोकून, पाणी भरून, रात्री भाकऱ्या थापणाऱ्या बाईला परंपरा टिकवण्याचा आग्रह करणं सोपं असतं.

तरीही टेम्पो सगळीकडे पोचत नाही. पोलादपूर-महाडकडची भातखाचरं डोंगरउतारावर आहेत, आणि बांधावरून जेमतेम एक जनावर जाईल एवढीच वाट असते. डांबरी रस्ता संपतो तिथे ताडपत्री, पोती आणि कोंबड्या उतरवून पुन्हा घोड्यावर चढवाव्या लागतात. मोकळी राहिलेली मधली खोबण धाकट्याला मिळते, आणि त्याच्याहून मोठी बहीण घोड्याची दोरी धरून पुढे चालू लागते.