कीटणातील कुजबुज
दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अतिसूक्ष्म थर दंतवल्कावर बसतो. त्याला प्रथम चिकटतात ते स्ट्रेप्टोकॉकस गटातील, बहुतांशी निरुपद्रवी जिवाणू. त्यांच्या आधाराने इतर जाती येतात, फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांबट जिवाणू आधीच्या आणि नंतरच्या रहिवाशांना जोडतो, आणि हिरडीखालच्या प्राणवायू न पोहोचणाऱ्या फटीत अखेर पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे हिरड्या पोखरणारे जिवाणू ठाण मांडतात. स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणात राहणाऱ्या अशा वस्तीला जैवपटल म्हणतात. दातांवरचे कीटण हे त्याचेच एक रूप होय.

या वस्तीत रासायनिक संदेशांची देवाणघेवाण अखंड चालू असते. प्रत्येक पेशी काही रेणू बाहेर सोडते. वस्ती दाटली की त्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादा ओलांडते आणि साऱ्या पेशी एकदम वर्तन बदलतात. सभेला गणपूर्ती झाल्यावर कामकाज सुरू व्हावे, तसाच हा प्रकार असून समुद्रातील प्रकाशमान जिवाणूंमध्ये नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी तो 1970 मध्ये दाखवून दिला. दात किडण्यास हातभार लावणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स अशा संदेशासाठी एक छोटी प्रथिनसाखळी वापरतो आणि इशारा मिळताच शेजाऱ्यांना मारणारी द्रव्ये सोडू लागतो.

जंतुनाशक गुळण्यांनी सरसकट सगळेच जिवाणू मारण्यापेक्षा हे संदेश मध्येच तोडणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण मोकळी झालेली जागा कोण बळकावील याची शाश्वती नसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या कीटणावर लॅक्टोनेज ही विकरे वापरून पाहिली. एएचएल नावाच्या संदेशरेणूंचे वलय तोडून ती त्यांना निकामी करतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे रेणू हटवल्यावर निरोगी तोंडात आढळणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण वाढले. त्याहून लक्षणीय बाब अशी की हे रेणू हवेच्या सान्निध्यात तयार होतात, पण त्यांना प्रतिसाद प्राणवायूविना वाढणारे जिवाणूही देतात. म्हणजे हिरडीच्या वर दिलेला इशारा हिरडीखाली ऐकला जाऊ शकतो.

प्रत्यक्ष तोंडात मात्र लाळ सतत वाहत असते आणि प्रत्येक घोटाबरोबर औषध पोटात जाते. शिवाय एआय-2 हा दुसरा संदेशरेणू उपकारक आणि अपायकारक अशा दोन्ही बाजूंच्या अनेक जाती वापरत असल्यामुळे कोणता संदेश तोडायचा आणि कोणता चालू द्यायचा, हे प्रत्येक रेणूबाबत स्वतंत्रपणे तपासावे लागते.