पिंजऱ्यातील शिडी आणि पडण्याचा हिशेब

भाड्याच्या घरात कुत्रा-मांजर पाळण्यास घरमालक परवानगी देत नाही आणि मुलांचा हट्ट तर सुटत नाही. या पेचातून परदेशातील कित्येक मराठी घरांत हॅमस्टर, पाळीव उंदीर किंवा गिनीपिग येतो. मग एखाद्या रविवारी पुठ्ठा, काठ्या आणि दोर घेऊन त्याच्यासाठी शिड्या, पूल व मचाणे बनविण्याचा उद्योग सुरू होतो. दुकानातील रंगीत प्लास्टिकपेक्षा हे साहित्य स्वस्त पडते, मुलांचे हात त्यात गुंततात आणि नीट जमले तर ते प्राण्याच्याही हिताचे ठरते. मात्र पिंजरा बहुधा माणसाच्या नजरेने सजविला जातो. उंच शिडी आणि तिच्या टोकाला टांगलेले घर बाहेरून देखणे दिसते. ते आत राहणाऱ्याला झेपेल की नाही, हे त्याच्या शरीररचनेवर अवलंबून असते.

सीरियन हॅमस्टर हा बिळात राहणारा प्राणी. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांना सीरियातील अलेप्पोजवळच्या एका शेतात सुमारे आठ फूट खोल खणल्यावर एक मादी व तिची पिल्ले सापडली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सीरियन हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. या प्राण्याची दृष्टी अधू, उंचीचा अंदाज कच्चा आणि शेपूट नावापुरते असते. पिंजऱ्याचे गज धरून तो उत्साहाने वर जातो, पण उतरणे त्याला साधत नाही. छतापाशी पोचल्यावर पुष्कळदा तो सरळ पकड सोडून देतो. पाय मोडणे, दात तुटणे किंवा पाठीच्या कण्याला इजा होणे हे त्याचे परिणाम.

पाळीव उंदराचे नेमके उलट. लांब शेपटीने तोल सांभाळत तो दोरावरून चालतो आणि जाळीवरून सराईतपणे खाली येतो. त्याला उंच पिंजरा हवाच, फक्त मध्ये रुंद झोळ्या बांधाव्यात, म्हणजे घसरला तरी तो तळापर्यंत जात नाही. वय झालेल्या उंदराचे मागचे पाय दुबळे होतात, तेव्हा सगळी मांडणी खाली आणावी लागते. गिनीपिग जड अंगाचा व आखूड पायांचा असल्याने त्याला अगदी हलका उतार पुरे.

म्हणून मोजायची ती शिडीची उंची नव्हे, पडण्याचे अंतर. सीरियन हॅमस्टरसाठी ते त्याच्या शरीराच्या लांबीइतके, म्हणजे पंधरा सेंटीमीटरच्या आसपास असावे. बुटक्या जातींसाठी त्याहून कमी. मोकळ्या पायऱ्यांच्या शिडीत पाय अडकतो. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची रुंद उतरण करून तिच्यावर आइस्क्रीमच्या बिनरंगी काड्या आडव्या चिकटवाव्यात आणि दोन्ही बाजूंना कठडा द्यावा. चिकटविण्यासाठी पतंगाला लावतात ती पिठाची खळ उत्तम, कारण जे चिकटवले ते कुरतडले जाणारच.

सर्वाधिक घातक चूक मात्र चढण्याशी नव्हे, खणण्याशी निगडित आहे. हॅमस्टरसाठी वीसेक सेंटीमीटर जाड भुसा घालतात आणि त्यावर दगड, मातीचे घर किंवा लाकडी मचाण ठेवून देतात. रात्री तो त्याच्याच खाली बोगदा खणतो आणि वरचे वजन त्याच्यावर कोसळते. जड वस्तूला भुशातून थेट पिंजऱ्याच्या तळावर टेकणारे पाय असावेत. तिच्याखाली कितीही खणले तरी ती जागची हलत नाही.

लाकूड सफरचंदाचे, हेझलचे किंवा विलोचे घ्यावे. फवारणी न झालेली फांदी घासून धुवावी आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर वाळवावी. देवदार व पाइनच्या उग्र वासाच्या ताज्या लाकडापासून दूर राहावे. ब्रिटनच्या बागांतील यू आणि लॅबर्नम विषारी आहेत. आखाती शहरांत रस्त्याकडेला फुललेली कण्हेरही तशीच. पुनर्वापराच्या उत्साहात रंगविलेले किंवा पॉलिश केलेले लाकूड आत जाते, तेही टाळावे.

झोळीसाठी फ्लीसचे कापड सोयीचे, कारण त्याचे धागे सुटत नाहीत. टॉवेलच्या फासांत नखे गुंततात, आणि सुटलेला सुती धागा बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा बंद होऊन बोट गमवावे लागते. दोराची टोके दर आठवड्याला तपासून कातरावीत. जाळीच्या मजल्यांवर पुठ्ठा किंवा कापड अंथरावे, नाहीतर तळपायांना जखमा होतात.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राण्याला योग्य परिसर आणि स्वाभाविक वर्तनाची संधी देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. हॅमस्टरही तिच्या कक्षेत येतो.

हॅमस्टर रात्री जागा असल्याने नवी मांडणी संध्याकाळी करावी आणि पहिला तासभर पाहत बसावे. तो कोठे थबकतो, कोठून घसरतो, हे तेवढ्यात कळते. पुठ्ठ्याची उतरण पंधरवड्यात कुरतडून संपली, तर मुलांनी हिरमुसू नये. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी लागतेच. पुढच्या रविवारी नवी करावी.