घरचा संगीतठेवा, साऱ्या घरासाठी

संगीताची आवड असलेल्या घरात गाणी एका ठिकाणी क्वचितच सापडतात. वडिलांच्या कॅसेट माळ्यावरच्या खोक्यात, नंतर घेतलेल्या सीडी शोकेसमध्ये, त्यांतील काहींच्या प्रती जुन्या संगणकात आणि मुलांनी जमवलेली गाणी त्यांच्या मोबाइलमध्ये, अशी या ठेव्याची परस्पर वाटणी झालेली असते. ज्याने तो जमवला, त्यालाच कशात काय आहे हे ठाऊक असते. ती व्यक्ती गेली, की खोके उरते. पण त्यातील संगीत घराला पारखे होते. आज मासिक वर्गणी भरून लाखो गाणी ऐकता येतात, हे खरे. तथापि गावच्या उत्सवातील गायनाचे घरगुती ध्वनिमुद्रण किंवा आजीच्या आवाजातील ओव्या कोणत्याही वर्गणीत मिळत नाहीत. त्यांची एकमेव प्रत घरातच असते.

हा ठेवा एकत्र आणून घरातील प्रत्येकाला तो हवा तेव्हा ऐकता यावा, अशी व्यवस्था आता फारशा खर्चाविना करता येते. मात्र यंत्रे घेण्यापूर्वी अशा संग्रहाचे जतन नेमके कशाने होते, याचा विचार व्हावयास हवा. त्यासाठी तंजावरइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

राजवाड्यातील संग्रह

व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठ्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ साली ती संपुष्टात आली. या राजघराण्यात संगीत केवळ ऐकले जात नव्हते, ते रचले व लिहिलेही जात होते. शहाजी राजांनी पदे आणि संगीतनाटके रचली. तुळजाजी राजांनी (कारकीर्द १७२८ ते १७३६) ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नृत्यासाठीच्या मराठी रचना ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. पाश्चात्य संगीताची स्वरलेखनेही त्यांच्या संग्रहात होती.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथभांडाराला सरफोजींनी आजचे भव्य रूप दिले. उत्तर भारतातील विद्याकेंद्रांकडे पंडित पाठवून त्यांनी हस्तलिखिते विकत घेतली आणि जी विकत मिळाली नाहीत, त्यांच्या नकला करवून घेतल्या. त्यांच्या छापील ग्रंथांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आजही दिसते.

राज्य गेल्यावर असा खासगी संग्रह विखुरला असता, तर नवल नव्हते. तसे झाले नाही. तंजावरचे न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. पुढे लांडगे, कागलकर आणि पतंग अवधूत यांच्या घरचे खासगी संग्रहही त्यात येऊन मिळाले. १९८३ साली या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. आज तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते असून त्यांत मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे.

या इतिहासातून चार गोष्टी स्पष्ट होतात. संग्रहाला एक निश्चित जागा मिळाली. दुर्मिळ वस्तूंच्या प्रती झाल्या. काय कोठे आहे याची सूची झाली. आणि संग्राहकाच्या पश्चात दार बंद न होता ते उघडले गेले. घरातील दोनशे कॅसेटनाही हेच चार नियम लागू पडतात.

एक जागा, अनेक श्रोते

पहिली गोष्ट म्हणजे जागा. घरातील सर्व संगीत एका संगणकावर किंवा राउटरला जोडता येणाऱ्या साठवणपेटीवर आणावे. जुना, पण सुस्थितीतील लॅपटॉपही या कामास पुरतो. त्यावर संगीत वाटून देणारी एखादी प्रणाली बसवली, की घरातील मोबाइल, दूरदर्शन संच वा वाय-फायवर चालणारे ध्वनिक्षेपक तो संग्रह वाजवू शकतात. ‘जेलिफिन’ व ‘नॅव्हिड्रोम’ या अशा प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. एकाच वेळी आजोबा दिवाणखान्यात नाट्यगीत आणि नात तिच्या खोलीत चित्रपटगीत ऐकू शकते. सर्व देवघेव घरातल्या घरात होत असल्याने इंटरनेट बंद असले, तरीही गाणे थांबत नाही.

जागा किती लागेल, याची चिंता नको. सीडीवरील संगीताचा दर सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट इतका असतो. घरगुती वाय-फायला असे अनेक प्रवाह एकदम वाहून नेता येतात. ध्वनीचा कोणताही अंश न गमावता फाइल लहान करणाऱ्या ‘फ्लॅक’ पद्धतीने ३०० सीडी सुमारे १२० गिगाबाइटमध्ये मावतात. तासाभराच्या २०० कॅसेट उच्च दर्जाच्या ‘एमपी३’ स्वरूपात जेमतेम ३० गिगाबाइट जागा घेतात. कॅसेटची फीत मात्र काळाबरोबर खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. म्हणून आरंभ कॅसेटपासून करावा, आणि त्यांतही जे बाजारात कधीच मिळणार नाही, त्यापासून.

सूचीविना संग्रह म्हणजे अडगळ

दुसरे काम कष्टाचे असून तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक फाइलच्या पोटात गायक, गीत, संगीतकार, वर्ष यांची नोंद ठेवण्याची सोय असते. ही नोंद एकसारखी हवी. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तेच नाव रोमन लिपीत अशा तीन तऱ्हा झाल्या, तर यंत्राच्या लेखी ते तीन निराळे गायक ठरतात. पाश्चात्य पद्धतीच्या नोंदीत रागाला स्वतंत्र रकाना नसतो. तो शीर्षकात किंवा शेऱ्याच्या रकान्यात लिहावा. घरगुती ध्वनिमुद्रण असेल, तर स्थळ, प्रसंग, साथीदार आणि गाणाऱ्याचे घराशी असलेले नाते हेही लिहून ठेवावे. ही माहिती सांगू शकणारी ज्येष्ठ मंडळी घरात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे तमिळनाडूत आजही आहेत. त्या बोलीतील एखाद्या पाळण्याचे ध्वनिमुद्रण नाव-गाव न लिहिता ठेवले, तर दोन पिढ्यांनंतर तो आवाज कोणाचा, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

संग्रह सर्वांसाठी खुला असला, तरी पुसण्याचा अधिकार सर्वांना नसावा. ऐकण्याची मुभा सर्वांना आणि बदल करण्याची एकदोघांनाच, अशी रचना या प्रणालींत करता येते. बँकेतील ‘मेकर-चेकर’ पद्धतीशी परिचित असलेल्यांना यामागचे तत्त्व वेगळे सांगावयास नको.

प्रती आणि कुलपे

हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर, म्हणजे नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी. वर्षातून एकदा त्या प्रती उघडून, वाजवून पाहाव्यात.

ज्या वाय-फायवरून गाणी वाहतात, त्याच वाय-फायवरून घरातील बँक व्यवहारही होतात, हे विसरता कामा नये. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड लगेच बदलावा, त्याची प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे द्यावे. परगावी असताना घरचे संगीत ऐकण्याच्या हौसेपायी राउटरची दारे बाहेरच्या जगाला उघडण्याचा सल्ला काही जण देतात. पुरेशी माहिती नसताना तसे करणे, म्हणजे रेडिओ ऐकू यावा म्हणून तिजोरीची खोली उघडी ठेवण्यासारखे आहे. बँकेचे पासवर्ड व खात्यांची माहिती संगीताच्या यंत्रावर कदापि साठवू नये.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी व वैयक्तिक उपयोगासाठीच्या न्याय्य वापराला मुभा देते. परंतु प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो; गीत व संगीतरचना यांवरील हक्क त्याहून निराळे असतात. तेव्हा विकत घेतलेल्या सीडीतील गाणी घराच्या उंबरठ्याच्या आतच ठेवावीत. ती इंटरनेटवर सर्वांसाठी टाकू नयेत. आजीच्या ओव्या मात्र नातलगांना अवश्य पाठवाव्यात. तीच त्यांची आणखी एक प्रत होय.

संग्रह करणे ही एका माणसाची हौस असते, तर त्याचे जतन ही साऱ्या घराची जबाबदारी ठरते. तंजावरच्या राजघराण्याची सत्ता गेली. परंतु पोथ्यांची सूची झाली, प्रती झाल्या आणि दार उघडे राहिले, म्हणून त्यांचा ग्रंथठेवा टिकला. सर्वसामान्य कुटुंबाला त्यासाठी राजवाडा नको. एक लहानसे यंत्र, काही रविवारांची चिकाटी आणि घरातील वडीलधाऱ्यांशी केलेल्या चार गप्पा, एवढ्या भांडवलावर माळ्यावरचे ते खोके पुन्हा साऱ्या घरासाठी गाऊ लागेल.