मैदानातली हलगी, मनातला चित्रहार

चैत्र-वैशाखात यात्रांचे दिवस सुरू झाले, की सांगली जिल्ह्यातील विटा आणि आसपासच्या गावांत दुपारनंतर सारे रस्ते एकाच दिशेला वाहू लागतात. उन्हे कलतात, देवळाच्या बाजूने हलगीचा कडकडाट ऐकू येतो आणि डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल टाकलेली मंडळी कुस्तीच्या मैदानाकडे निघतात. या गर्दीत काही चेहरे दूरवरून आलेले असतात. पाण्यासाठी तरसलेल्या या भागातील कित्येक कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा व्यवसाय पत्करला आणि ती देशभरातील सराफ बाजारांत विखुरली. वर्षभर परमुलखात मूस आणि भट्टीसमोर बसणारा हा माणूस गावच्या यात्रेला मात्र शक्यतो चुकत नाही.

पन्नाशी ओलांडलेला असा एखादा कुस्तीशौकीन मैदानाच्या वाटेवर असताना रसवंतीच्या कर्ण्यावर ऐंशीच्या दशकातील एखादे चित्रपटगीत लागते आणि त्याची पावले थबकतात. गाणे काही फार थोर नसते. तेव्हाही ते त्याला विशेष आवडत होते असे नाही. तरीही शेजाऱ्यांची ओसरी, तिथला कृष्णधवल दूरचित्रवाणी संच आणि अंगणात दाटीवाटीने बसलेली पोरे डोळ्यांसमोर उभी राहतात. पुढे मैदानात हलगी कडाडते आणि पुन्हा तेच घडते. कुस्ती पाहायला आलेल्या माणसाची गाठ आपल्याच चौदाव्या वर्षाशी पडावी, हे कसे होते? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मानवी स्मृतीच्या रचनेत आहे आणि काही अंशी त्या काळाच्या रचनेत.

एक वाहिनी, एक गाणे

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ग्रामीण महाराष्ट्राला मात्र छोट्या पडद्याची खरी ओळख झाली ती ऐंशीच्या दशकात. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुक्षमतेच्या प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागले. गावात संच मोजकेच असत. ज्याच्या घरी संच, त्याची ओसरी म्हणजे जणू गावाचे नाट्यगृहच. छपरावर चढून अँटेना फिरवणारा एक, खालून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडणारा दुसरा आणि ऐन रंगात आल्यावर पडद्यावर झळकणारी 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी, हे त्या पिढीचे सामायिक धन आहे.

पाश्चात्त्य देशांत याच काळात संगीत-चित्रफितींचे युग अवतरले होते. अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि १९८३ मध्ये आलेल्या मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने गाण्याची चित्रफीत हा स्वतंत्र कलाप्रकार असल्याचे जगाला पटवून दिले. आपल्याकडे तशी चोवीस तासांची वाहिनी नव्हती. आपला एमटीव्ही म्हणजे आठवड्यातील ठरावीक दिवशी लागणारा 'चित्रहार' आणि मुंबई केंद्राचे गुरुवारचे 'छायागीत'. मोजून काही गाणी, आणि कोणते गाणे लागेल याचा अंदाज नाही. आवडते गाणे पुन्हा पाहायचे, तर ते पुन्हा कधी लागेल याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाहणाऱ्याला निवडीचा अधिकार नव्हता आणि त्यामुळेच गावातील प्रत्येकाने एकाच क्षणी एकच गाणे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत, एसटीच्या थांब्यावर, यंत्रमागाच्या खडखडाटात चर्चा होई ती त्याच गाण्याची.

या सामुदायिक पाहण्याचा कळस १५ ऑगस्ट १९८८ रोजी झाला. त्या दिवशी 'मिले सुर मेरा तुम्हारा' ही सुमारे सहा मिनिटांची चित्रफीत प्रथम प्रक्षेपित झाली. अशोक पत्की यांची संगीतरचना, पीयूष पांडे यांचे शब्द आणि पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वराने होणारी सुरुवात. तिच्यात गायक आणि चित्रतारकांच्या जोडीने प्रकाश पदुकोण, चुनी गोस्वामी यांच्यासारखे खेळाडूही होते. क्रीडा आणि संगीत ही दोन्ही सुखे एकाच चौकटीत देणाऱ्या या गीताने कित्येकांचे बालपण व्यापले.

मातीतला सत्पाल, पडद्यावरचा सत्पाल

कुस्तीशौकिनाच्या मनात या दोन सुखांची सांगड आणखी एका कारणाने बसलेली आहे. दिल्लीचा पैलवान सत्पाल सिंग सत्तरच्या दशकात महाराष्ट्र-कर्नाटकातील मैदानांत घरोघरी माहीत झालेला होता. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्याला पराभूत केले, ती कुस्ती या भागात आजही सांगितली जाते. हाच सत्पाल १९८२ च्या आशियाई स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्णपदक जिंकून गेला. ज्याला वाडवडिलांनी तांबड्या मातीत लढताना पाहिले, तोच आता छोट्या पडद्यावरचा विजेता झाला होता. मातीतली कुस्ती आणि गाणी दाखवणारा तो संच एका पिढीच्या आठवणीत शेजारी शेजारी बसले ते असे.

विट्याच्या परिसराला तर कुस्तीचे वेड जुनेच. दसऱ्याला पालख्यांची शर्यत लावणारे हे गाव. चुरस त्याच्या अंगात मुरलेली. सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके मिळवली. विट्याजवळच्या भाळवणीचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झाले.

आठवणींचा उंचवटा

आता प्रश्न स्मृतीचा. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला सांगितल्या, तर त्या सर्व वर्षांत सारख्या वाटल्या जात नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. आलेख काढला, तर या वयापाशी उंचवटा दिसतो. या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात आणि 'मी कोण' याची जडणघडणही तेव्हाच चालू असते, ही त्यामागची दोन प्रमुख कारणे मानली जातात. संगीताच्या बाबतीत हा उंचवटा विशेष ठळक असतो.

कॅरॉल क्रमहान्स्ल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून पुढे जातो. विशीतील तरुणांना गेल्या काही दशकांतील लोकप्रिय गाणी ऐकवली असता, त्यांना स्वतःच्या काळातील गाण्यांबरोबरच ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातील गाणीही जवळची वाटली. तो काळ त्यांच्या आईवडिलांच्या तारुण्याचा होता. घरात जे वाजते, ते पुढच्या पिढीच्या स्मृतीतही झिरपते. पंजाबात किंवा तमिळनाडूत वाढलेला गलाई व्यावसायिकाचा मुलगा वडिलांच्या आवडीचे जुने गाणे गुणगुणतो किंवा न पाहिलेल्या कुस्तीचे वर्णन डोळ्यांदेखत घडल्यासारखे करतो, त्यात म्हणूनच नवल नाही.

घरापासून दूर असलेल्या माणसाचा आणि गाण्याचा संबंध तर जुनाच आहे. गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्याच्या लेखी हा चक्क आजार होता आणि पुढे स्विस भाडोत्री सैनिक हे त्याचे प्रसिद्ध रुग्ण ठरले. गुराख्यांचे एक गीत ऐकले की हे सैनिक इतके व्याकूळ होत, की ते वाजवण्यास मनाई होती, असे रूसोने आपल्या संगीतकोशात नमूद केले आहे. यात्रेच्या वाटेवर रसवंतीपाशी थबकणाऱ्या माणसाला हा आजार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हलगी काय करते?

मात्र गाणे आणि हलगी यांत एक मूलभूत फरक आहे. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले चामडे. मैदान सुरू होण्याआधी वादक ते शेकोटीच्या धगीवर धरतो. धगीने चामडे ताठ होते आणि आवाज खणखणीत निघतो. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लवचिक काडी आणि सोबतीला घुमके, अशा मोजक्या साहित्यावर हजारोंचा समुदाय हलवला जातो. परंपरेने ही कला प्रामुख्याने मातंग समाजातील कलावंतांनी जपली आहे.

दुपारी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, तेव्हा हलगी सैल आणि खेळकर असते. मोठी जोड आखाड्यात उतरते, पैलवान हात उंचावून फेरी मारतात, तेव्हा ठेका भारदस्त होतो. खडाखडी चालू असताना तो दबा धरून बसल्यासारखा संथ चालतो. एकाने एकेरी पट काढला किंवा घिस्सा भरला, की वादकाचे हात क्षणात वेग घेतात. तो कुस्ती पाहत पाहत वाजवत असतो. मैदानाच्या टोकाला, ट्रॅक्टरवर किंवा झाडावर बसलेल्या माणसाला डाव नीट दिसला नाही, तरी आत काहीतरी घडते आहे हे हलगीवरून कळते. पाठ टेकली, की हलगी, आरोळी आणि हवेत उडणारे फेटे यांचा एकच कल्लोळ होतो.

खेळाच्या मैदानाला संगीताची गरज जगभर भासलेली आहे. शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर १९४१ मध्ये ऑर्गन वाजू लागला. बोस्टनच्या फेनवे पार्कवर नील डायमंड यांचे १९६९ मधील एक गाणे २००२ पासून प्रत्येक सामन्याच्या आठव्या डावात वाजते आणि सारे मैदान ते गाते. 'रॉकी'पटासाठी १९८२ मध्ये केलेले 'आय ऑफ द टायगर' आजही कित्येक क्रीडांगणांवर ऐकू येते. तिथला प्रेक्षकही सामना पाहता पाहता आपल्या तारुण्यात जाऊन येतो. परंतु ध्वनिमुद्रित गाणे सामन्याकडे पाहत नाही. डाव उलटला तरी ते आपल्या चालीने पुढे जाते. हलगीवाल्याला मात्र डाव दिसतो.

आठवणींची गलाई

जुन्या दिवसांचे गोडवे गाताना एक सावधगिरी आवश्यक आहे. स्मृतीही एक प्रकारची गलाईच करते. हीण जाळते आणि चकाकणारे तेवढे मुशीत ठेवते. ऐंशीचे दशक आठवणाऱ्याला ओसरी आठवते. त्या ओसरीवर कोणाला आत बसता येई आणि कोणाला अंगणाच्या कडेला उभे राहावे लागे, हे आठवतेच असे नाही. हलगीचा ठेका आठवतो. ती वाजवणाऱ्याच्या हातावर किती बिदागी पडे, हे आठवत नाही. चित्रहाराला मुलीबाळी पुढे बसत, पण कुस्तीच्या मैदानात त्या जवळपास दिसतच नसत. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने गदा पटकावली. ती पाहणाऱ्या मुलींच्या आठवणींचा उंचवटा त्यांच्या आयांपेक्षा निश्चितच वेगळा असेल.

हे हीण मान्य करूनही मुशीत काही अस्सल सोने उरतेच. ऐंशीच्या दशकातील गाणे आज कोणत्याही क्षणी भ्रमणध्वनीवर ऐकता येते, हवे तितक्या वेळा. तरीही 'ती मजा नाही' असे माणसे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. गाणे तेच आहे. हरवले आहे ते सगळ्यांनी मिळून एकाच वेळी ऐकणे. घरात चार माणसे असतील, तर आज चार पडद्यांवर चार गाणी चालतात. गाणे परत मिळाले, पण त्याभोवतीची ओसरी परत मिळाली नाही.

कुस्तीचे मैदान ही अजून उरलेली अशी ओसरी आहे. तिथे निवड नाही, मागे-पुढे करण्याची सोय नाही. जे घडते ते एकदाच आणि सर्वांसमोर. म्हणून यात्रेच्या वर्गणीचा हिशेब करताना ध्वनिक्षेपकाच्या भिंतींवर किती आणि हलगीवाल्याच्या बिदागीवर किती, हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. आज बापाच्या खांद्यावर बसून कुस्ती पाहणाऱ्या पोराला चाळीस वर्षांनी कोणत्या आवाजाने थबकावेसे वाटेल, हेही त्या हिशेबात ठरत असते.

दिवस मावळतो, पहिल्या क्रमांकाची कुस्ती निकाली होते, माणसे धोतर-पायजम्यावरची धूळ झटकत उठतात. परमुलखातून आलेल्या शौकिनाला दुसऱ्या दिवशी गाडी गाठायची असते. वाटेवरच्या रसवंतीत आता दुसरेच गाणे लागलेले असते. त्याच्या कानात मात्र हलगी घुमत राहते. पुढच्या यात्रेपर्यंत तेवढी शिदोरी त्याला पुरते.