गरीब कोण, नडलेला कोण

संपादकांनी विषय दिला, 'आजच्या समाजात गरीब कोणाला म्हणावे'. वर फोनवर बजावले, आढावा हवा, गाऱ्हाणे नको. यवतमाळात बसून या विषयावर गाऱ्हाण्याशिवाय लिहिणे म्हणजे आषाढात काळ्या वावरातून कोरड्या पायांनी फिरून येणे. तरी प्रयत्न करतो. पाय भरलेच तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दारिद्र्यरेषा म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. म्हणून इतिहास भरभर उरकतो. दादाभाई नौरोजींनी तुरुंगातल्या कैद्याला जगवायला काय लागते याचा हिशेब मांडला आणि रयतेला तेवढेही मिळत नाही हे दाखवून दिले. त्यांचे गाजलेले पुस्तक 1901 सालचे. स्वातंत्र्यानंतर 1962 साली तज्ज्ञांच्या गटाने माणशी महिना 20 रुपये हा किमान खर्च ठरवला. 1979 साली अलघ गटाने खेड्यात 2400 आणि शहरात 2100 उष्मांक धरले. मग 1993 ला लकडावाला, 2009 ला तेंडुलकर, 2014 ला रंगराजन. मधे 2011 च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात खेड्यासाठी दिवसाला 26 आणि शहरासाठी 32 रुपयांचे प्रतिज्ञापत्र दिले आणि देशभर गदारोळ झाला. जागतिक बँकेची रेषा 2025 च्या जूनपासून तीन डॉलरवर गेली आहे. या सगळ्या भांडणाचा मुद्दा एकच, पोट भरायला किती पैसे लागतात. तो महत्त्वाचा आहे, पण पन्नास वर्षे वाचून वाचून मला त्याचा कंटाळा आला आहे.

दोन नावांपाशी मात्र थांबतो. पहिले दांडेकर आणि रथ यांचे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या दोघांनी 1971 साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. 2250 उष्मांक, 1960-61 च्या किमतींनी खेड्यात महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. नुसती मोजणी करून ते थांबले नाहीत, सरकारने काम द्यावे असे त्यांनी स्वच्छ लिहिले. दुसरे नाव रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे यांचे. रोजगार हमीत गरीब शोधायला फॉर्म नव्हता. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, त्याला काम द्या आणि मजुरी द्या. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर राबवली गेली. कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. माणसाला 'तू गरीब आहेस का' असे न विचारता गरीब ओळखणारी यापेक्षा सभ्य रीत मी पाहिलेली नाही. पण ती चालते अंगात ताकद असलेल्याला. म्हातारी, आजारी, बाळंतीण तिच्या बाहेर राहते.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. 2002 सालचा दारिद्र्यरेषेचा सर्व्हे. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. गुण जितके कमी तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसले, घरात माणशी कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, संडास, पंखा-टीव्ही-कुकर, शिक्षण, पोरे कामाला जातात की शाळेत. दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि विद्यार्थी घेऊन पडताळणीला हिंडत होतो. बाया दांडीवरचे कपडे मोजून दाखवायच्या आणि मला खाली बघावेसे वाटायचे.

अकरावा प्रश्न कर्जाचा होता. रोजच्या खाण्यासाठी सावकाराकडून घेतलेले असेल तर शून्य. शेतीधंद्यासाठी सावकाराचे असेल तर एक, इतर कामासाठी असेल तर दोन. फक्त बँक-सोसायटीचे असेल तर तीन. कर्ज नाही आणि मालमत्ता आहे, तर चार. सगळ्या फॉर्मात शहाणपणाचा हा एकच प्रश्न होता, कारण माणूस कोणाच्या दारात उभा आहे हे तो विचारत होता. विद्वानांनी घर, कपडे, संडास यांवर टीका केली. अकराव्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

घाटंजी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची गोष्ट. बांबू सोलत बसलेल्या म्हाताऱ्याला ग्रामसेवकाने विचारले, कर्ज किती? तो हसला. म्हणाला, "आमाले कोन देते?" ग्रामसेवक पोरसवदा होता, पण नेकीचा. त्याचा पेन अडखळला. कर्ज नाही, पण मालमत्ताही नाही, अशा माणसासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. त्याने चारवर खूण केली. मी म्हटले, खोड. तो म्हणाला, "सर, मग कुठं लिहू?" त्याच आठवड्यात केळापूरकडे आठ एकर कोरडवाहू कापसाच्या एका कास्तकाराला त्याच प्रश्नात तीन गुण पडले, कारण त्याच्यावर बँकेचे थकीत कर्ज होते. म्हणजे ज्याला कोणी उभेही करत नाही तो कोलाम कर्जाच्या खात्यात सर्वांत सुखी, आणि ज्याच्या दारी नोटीस लागली तो जवळजवळ सुखी.

त्या कास्तकाराने दारातूनच सांगितले होते, "लिवा काई बी. पन आमी गरीब नाई जी, आमी नडेल हाओ." मी फरक विचारला. तो म्हणाला, "गरिबाच्या दारी कोनी येत नाई. नडेल मानसाच्या दारी रोज कोनी ना कोनी उभा रायते."

तेव्हापासून हे वाक्य मी ज्याला त्याला ऐकवतो आहे आणि घरच्यांना त्याचा वीट आला आहे. पण आपल्या भाषेने हा भेद किती आधी करून ठेवला आहे, पाहा. गरिबी म्हणजे जवळ काय आहे त्याची मोजणी. नड म्हणजे आज रात्री कोणाकडे जावे लागेल आणि तो सांगेल ते ऐकावे लागेल, ही अवस्था. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण उष्मांकांची नाही.

नडीचे वर्ष मृगापासून सुरू होते. सरकी आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर येते. भाव दुकानदाराच्या वहीत लिहिला जातो, कास्तकाराला तो दिवाळीनंतर कळतो. आषाढात घरातली ज्वारी संपली की सवाई-दीडी. एक पोते आणायचे आणि सुगीला दीड पोते टाकायचे. कापूस फुटला की खेडा खरेदीवाला काटा घेऊनच दारात येतो. माल ओला आहे म्हणतो, कवडी आहे म्हणतो, हमीभावापेक्षा कमी देतो. कास्तकाराला सरकारी केंद्र माहीत नसते असे नाही. पण तिथे चुकारा उशिरा मिळतो आणि उधारीवाला आज उभा असतो. मजुराची तऱ्हा याहून वाईट. त्याने वेचणीची उचल आधीच घेतलेली असते आणि घरातली बाई गटाच्या हप्त्याला बांधलेली असते. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत रोजाने फवारणारे मजूर होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली आणि तोंडाला फार तर रुमाल. मास्क नाही म्हणून आज फवारत नाही, असे म्हणण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. माझी गरिबीची व्याख्या एवढीच आहे. ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही, तो गरीब.

यावर माझे पुण्याचे एक विद्वान स्नेही उसळतात. नाव घेत नाही, आधीच ते दोन दिवाळ्यांपासून बोलत नाहीत. म्हणतात, कर्ज म्हणजे दारिद्र्य असेल तर मुंबईचे कारखानदार सर्वांत दरिद्री. अहो, कारखानदाराने थकवले की झोप बँकेची उडते. आमच्याकडे बँकेचे थकले की कास्तकाराची उडते. कर्ज तेच, पण कोण कोणाला भितो हे वेगळे आणि मोजायचे ते हेच. दुसरा एक गट म्हणतो, घरोघर मोबाइल आणि मोटरसायकल आहे, कसली गरिबी? त्यांना मी अॅडम स्मिथकडे पाठवतो. 1776 सालीच त्याने लिहून ठेवले की तागाचा सदरा जगायला लागत नाही, पण त्याच्या काळात तो नसलेल्या मजुराला चारचौघांत यायची लाज वाटते, म्हणून तो गरजेतच धरावा. आमच्या गावात मुलगी बघायला गेले की पहिला प्रश्न 'गाडी कोणती?' असतो. गाडी नसलेली, जमीन असलेली तिशी ओलांडलेली पोरे पारावर बसलेली दिसतात. आणि ती गाडी हप्त्याची असते. तिसरे आमचे शेतकरी संघटनेचे मित्र. शरद जोशींनी त्यांना आणि मलाही शिकवले की शेतमालाचा भाव पाडला की गरिबी तयार होते. मला ते मान्यच आहे. पण पोडावरच्या त्या म्हाताऱ्याकडे विकायलाच काही नव्हते, त्याचे काय, हे विचारले की सभा संपते.

सरकारचे स्वतःचे उत्तर काय, ते तर फारच मजेचे. 1999 सालच्या तीन रंगांच्या शिधापत्रिकांत पिवळीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 15,000 रुपये आणि केशरीसाठी एक लाख. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीसाठी खेड्यात 44,000. लाडकी बहीण योजना आली ती अडीच लाखांवर. चारचाकी असेल तर बाद, ट्रॅक्टर चालेल. दहा टक्के आरक्षणात आर्थिक दुर्बल म्हणजे आठ लाखांच्या आत. एकच घर तहसिलात एका टेबलावर गरीब असते आणि शेजारच्या टेबलावर खाऊनपिऊन सुखी. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या बारा निकषांत बँक खाते असणे हे वंचित नसल्याचे लक्षण आहे. आमच्याकडे खाते म्हणजे अनुदान येते आणि कर्जात वळते होते ती जागा.

एकदाच सरकारने खरे कबूल केले. 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ द्यायचे ठरले. म्हणजे सातबारा असलेला माणूसही अन्नाला महाग असू शकतो, हे कागदावर आले. 2023 साली त्या धान्याच्या जागी माणशी महिना दीडशे रुपये आले आणि कबुलीचा भाव ठरला.

हे कळायला एवढा उशीर व्हायला नको होता. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी कुटुंब 19 मार्च 1986 ला आत्महत्येने गेले. नवरा-बायको आणि चार मुले. घरधनी गावचा सरपंच राहिलेला, भजन-संगीताची आवड असलेला. कुठल्याच फॉर्मात तो गरीब ठरला नसता. पुढे मरणालाही फॉर्म आला. 2006 च्या निर्णयाने जमीन नावावर हवी, कर्ज बँक-सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे आणि वसुलीचा तगादा हवा. तेव्हा मृत्यू 'पात्र' आणि घरच्यांना एक लाख, त्यांतले तीस हजार रोख. मजूर, बटईवाला आणि ज्याचा सावकार बिनपरवाना तो 'अपात्र'. 2008 च्या कर्जमाफीत संपूर्ण माफी पाच एकरांच्या आत. आमचा कोरडवाहू कास्तकार सात-आठ एकरवाला. ओलिताच्या दोन एकरांइतकेही त्यात पिकत नाही, पण अट एकरांची. त्याच वर्षी मारेगावकडच्या जळक्याच्या एका शेतकरी विधवेचे नाव लोकसभेत घेतले गेले. 2019 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका शेतकरी विधवेच्या हातून झाले. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. व्याख्या होती तिथेच राहिली.

आता उताराचे दोन शब्द, म्हातारपणाचा हक्क म्हणून. 2002 ची यादी सदोष होती. किती गरीब असावेत हा आकडा वरून ठरून यायचा आणि गुणांची रेघ त्या आकड्याला जुळवली जायची. पण यादी ग्रामसभेत वाचली जायची. कोणी ओरडायचे, याचा बंगला दिसत नाही का? कोणी म्हणायचे, हिचे नाव कसे राहिले? भांडणे व्हायची, कधी कॉलरी धरल्या जायच्या, पण गरीब कोण यावर गाव बोलायचे. आज मोबाइलवर एक ओळ येते, 'अपात्र'. कोणी ठरवले, कशावरून, कोणाशी भांडायचे, काही कळत नाही. वर देशाचीही तीच गत. 2017-18 चा खर्चाचा सर्व्हे सरकारने प्रसिद्धच केला नाही, 2021 ची जनगणना झाली नाही. 2011-12 नंतर खर्चाचे आकडे आले ते थेट 2022-23 चे, खेड्यात माणशी महिना सरासरी 3,773 रुपये. सरासरीत सावकार आणि ऋणको एकाच पंगतीला बसतात. माझे विद्यार्थी तालुक्याचे आकडे आता घरबसल्या उतरवून घेतात. पोडावर कोणी जात नाही.

येत्या मोजणीत तेरा प्रश्न असोत की तेहतीस, माझी एक विनंती आहे. पहिला प्रश्न असा ठेवा: 'आज रात्री घरात कोणी आजारी पडले आणि दहा हजार रुपये लागले, तर कोणाकडे जाल आणि तो बदल्यात काय मागेल?' सरकारने नाही विचारला तरी वाचकांनी या दिवाळीत विचारून पाहावा. घरी कामाला येणाऱ्या बाईंना, दुकानातल्या पोऱ्याला, गावाकडच्या भावाला. उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. कपडे नंतर मोजता येतील.