‘लॅकॉनिक’ : मोजक्या बोलण्याची गोष्ट

इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘लॅकॉनिक’ हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मी उभा राहून म्हणालो, “कमी बोलणारा.” सर म्हणाले, “आणखी काही?” मी म्हणालो, “नाही.” वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, “उत्तर अपुरे, पण उदाहरण उत्तम!” त्या अपुऱ्या उत्तराचा पाठपुरावा म्हणजे हा लेख.

हा शब्द मुळात एका मुलखाच्या नावावरून आला आहे. ग्रीसच्या दक्षिणेस लॅकोनिया नावाचा प्रांत आहे. प्राचीन स्पार्टा तेथलेच. तेथील मुले लष्करी शिस्तीत वाढत. विचारलेल्या प्रश्नाला थोडक्यात व नेमके उत्तर देणे हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग असे, असे प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो. लॅकोनियाच्या लोकांसारखे बोलणे ते ‘लॅकॉनिक’. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला.

प्लुटार्कनेच दिलेली एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. सिकंदराचा पिता, मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, याने स्पार्टाला धमकी पाठविली, की मी जर लॅकोनियात शिरलो तर तुमचा नायनाट करीन. स्पार्टाने एकाच शब्दाचे उत्तर धाडले : “जर.”

गोष्ट येथेच संपविली तर टाळी मिळते. पण इतिहास पुढे आहे. इ. स. पू. 338 च्या सुमारास फिलिपचे सैन्य खरोखरच लॅकोनियात शिरले आणि त्याने तो मुलूख उद्ध्वस्त केला. स्पार्टा शहर मात्र त्याने घेतले नाही. शब्द धारदार असला म्हणून तो ढालीचे काम करतोच असे नाही.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत थोड्या बोलण्याला शब्द थोडे नाहीत. हवे ते राहून गेले तर बोलणे ‘त्रोटक’. माया राहून गेली तर ‘तुटक’. आणि काहीच न राहता थोडक्यात आटोपले तर ‘मित’. हा ‘मित’ संस्कृतातील ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून झाला. ‘मात्रा’ आणि ‘परिमाण’ हे त्याचेच भाऊबंद. इंग्रजी शब्दात एका मुलखाचे लोक दिसतात, आपल्या शब्दात माप दिसते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. मोजके म्हणजे कमी नव्हे, लागेल तेवढे.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नेवाशास 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्यांची टीका सांगितली. चांगल्या बोलण्याचे वर्णन करताना त्यांनीच ‘मितुले’ हा गोड शब्द योजला आहे. नऊ हजार ओव्या आणि मितुले! यात विसंगती नाही. ऐकणाऱ्याला जेवढे लागते तेवढे त्यांनी दिले.

आता घरची गोष्ट. वडील पुण्यात नवीन नोकरीला होते तेव्हा मिरजगावाहून आबांनी त्यांना तार केली होती : आजी गंभीर, निघ. तारेला शब्दागणिक पैसे पडत. वडील सांगतात, “वाचताक्षणी कळलं, आजी गेली.” मग ‘गेली’ असेच का नाही लिहिले? तेवढाच एक शब्द लागला असता. मी आबांना विचारले. ते म्हणाले, “एकटा होता. एस.टी.त बसून यायचं होतं त्याला.”

तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. आज फोनवर कितीही बोलता येते, शब्द मोजावे लागत नाहीत. पण आबांनी त्या दिवशी मोजले ते केवळ पैशांसाठी नव्हते. वाटेत मुलाला किती पेलवेल, याचे ते माप होते.

सर, माझे उत्तर आता पूर्ण झाले.

— द्वितीय वर्ष, कला